वटीत टाकलेली पोर

दिंद्रुडच्या पुढं दोन कोसांवर एक गाव आहे. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक चौकशीला धावतात, आणि जेव्हा चौकशी करायची होती तेव्हा एकाचंही पाऊल तिकडं वळलं नाही. त्या गावच्या शाळेला लागून तीन खोल्यांचं हंगामी वसतिगृह आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेली पोरं दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत तिथं राहतात, जेवतात, शाळेत जातात. पोरींच्या खोलीची जबाबदारी मनकर्णाबाई साळवे यांच्याकडं. वय चाळीसच्या आतबाहेर, अंगानं काटक, चालणं भराभर, आणि तोंडात कायम एकच वाक्य, "जेवली का गं?"

बाई चांगली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तिच्यावर राग येणार आहे. मला स्वतःला अजून येतो.

मनकर्णा स्वतः ऊसतोडीच्या कोपीतच, म्हणजे पाचटाच्या खोपटातच वाढली. आईबापांबरोबर बैलगाडीतून कारखान्याला जायची, धाकट्या भावाला काखेत मारून चुलीला पाचट घालायची. ती बारा वर्षांची असताना टोळीतल्या पुरुषांनी तिचं लग्न परस्पर ठरवलं. तेव्हा तिची आई भिमाबाई हातात कोयता घेऊन कोपीच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, "या, कोण येतंय ते बघते." कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी भिमाबाईनं पोरीला एसटीत बसवून बीडला मावशीकडं धाडलं. तिथं मनकर्णा बारावी झाली. आई म्हणजे काय, तर ती कोपीच्या तोंडाशी उभी राहिलेली बाई, हे तिच्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं ते बसलंच.

लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. नवरा कचरू गावच्या दूध सोसायटीत दुधाची फॅट बघायचा. दुष्काळ आला, जनावरं आधी छावणीत गेली, मग बाजारात गेली, आणि सोसायटीला कुलूप लागलं. कुलपाची किल्ली अजून कचरूकडंच आहे, म्हणे चेअरमन साहेब मागतील तेव्हा द्यायची. चेअरमन साहेबांना आठवण तरी असेल का, देव जाणे! तर घरात कुणीतरी कमावायला हवं म्हणून मनकर्णानं वसतिगृहाची नोकरी धरली.

वसतिगृह चालवणारी संस्था आबासाहेबांची. आबासाहेब सहकारी साखर कारखान्याचे संचालकही होते. म्हणजे पोरांचे आईबाप ज्यांच्या कारखान्याला ऊस तोडायचे, त्यांच्याच संस्थेत पोरं जेवायची. हे गावात कुणाला विचित्र वाटलं नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी बीडला तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. शिकवायला आलेल्या बाई तरुण होत्या, पण मुद्द्याचं बोलायच्या. त्यांनी सांगितलं, मुलाला प्रश्न विचारून भंडावू नका, त्याला बोलावंसं वाटेल अशी जागा करा. कुणाला सांगणार नाही असं वचन कधी देऊ नका. मुलाच्या जिवाला, शरीराला धोका असेल तर ते लपवता येत नाही, आणि हे मुलाला आधीच सांगून ठेवा. मग फळ्यावर लिहिलं, 'मुलाशी नातं बांधा, पण नातलग होऊ नका.'

मनकर्णानं वहीत उतरवून घेतलं आणि शेजारी बसलेल्या बाईला कुजबुजून विचारलं, "नातं बांधायचं आन् नातलग व्हायचं न्हाई, हे कसं काय जमवायचं बा?" शेजारणीनं खांदे उडवले. तेवढ्यात चहा आला.

बाकी सगळं मात्र तिनं मनावर घेतलं. तिला एक रीत सापडली होती, कुणी शिकवलेली नव्हे. दर रविवारी ती ओट्यावर बसायची आणि एकेका पोरीला पुढ्यात पाठमोरी बसवून फणीनं उवा काढायची. तोंडाकडं बघायचं नाही, काही विचारायचं नाही. पोरगी आपोआप बोलायला लागायची. कुणाचा बाप पितो, कुणाला रात्री भीती वाटते, कुणाला पाळी आली आणि काय करायचं कळेना. मनकर्णा ऐकायची, "हं" म्हणायची, केस विंचरायची. तिच्याकडं चाळीस पोरी होत्या आणि चाळीसांच्या पोटातलं तिला ठाऊक होतं. स्वयंपाकाला असलेल्या रहेमतबी म्हणायच्या, "तुझ्या फणीला काय येतं गं, पोरी नुस्त्या पाघळतात!"

दोन हजार अठराचं साल. पाऊस असा नाहीच. पोळ्यालाच विहिरींनी तळ दाखवला आणि टोळ्या दसऱ्याचीही वाट न बघता निघाल्या. त्याच गर्दीत रतनबाई आपल्या पोरीला घेऊन आली. पोरगी द्वारका, आठवीत, चौदावं नुकतंच लागलेलं. हाडापेरानं थोराड, पण बोलणं शून्य. ट्रॅक्टर रस्त्यावर घरघरत उभा, वर भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं. रतनबाईनं पोरीचा हात धरला आणि मनकर्णाच्या पदरात ठेवला. "बाई, पोर तुमच्या वटीत टाकली," ती म्हणाली आणि डोळे पुसत पळत ट्रॅक्टरवर चढली.

वटीत, म्हणजे ओटीत टाकणं ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. त्या घडीपासून ती पोर तुमची आणि तिची आई तुमची बहीण. मनकर्णा दिवसभर पदर सारखा करत फिरत होती, इतकी ती हरखली होती.

द्वारका महिनाभर बोललीच नाही. मनकर्णानं विचारलंही नाही. मग दिसायला लागलं, पोरगी संध्याकाळी लहान पोरींना ओळीनं बसवते, जुन्या वहीचे चिटोरे फाडून तिकिटं देते, "चला, बीड, बीड, माजलगाव कोण हाय?" म्हणून ओरडते. एसटीत कंडक्टर व्हायचं होतं तिला. एका रविवारी ती आपण होऊन फणी घेऊन आली आणि पाठमोरी बसली. चार-सहा वेळा फणी फिरली असेल.

"बाई, एक सांगू? पर कुणाला सांगायचं न्हाई."

मनकर्णाला फळ्यावरचं सगळं आठवलं. वचन देऊ नका. आधी सांगून ठेवा. पण महिनाभर मुकी असलेली पोर आता कुठं तोंड उघडत होती. आत्ता 'पण' म्हटलं तर पुन्हा मिटेल, असं तिला वाटलं.

"न्हाई सांगत," ती म्हणाली.

"शपथ?"

"शपथ गं."

मग द्वारकानं सांगितलं. चुलता जालिंदर टोळीचा मुकादम. त्यानं आष्टीकडच्या एका पोराशी तिचं लग्न जमवलं होतं. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला कारखान्यात कुणी विचारत नाही. जालिंदरनं कारखान्याला पुढच्या हंगामासाठी पुऱ्या जोड्या कबूल केल्या होत्या आणि हे पोरगं अर्धं राहत होतं. लग्न उन्हाळ्यात, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर. "मला न्हाई करायचं, बाई. मला नववीला जायचंय," द्वारका म्हणाली, आणि तिची पाठ थरथरायला लागली.

"न्हाई होऊ देणार," मनकर्णा म्हणाली. झालं! एका बैठकीत दोन वचनं देऊन मोकळी.

आता नीट ऐका. स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर मुलांच्या मदतीच्या फोनचा नंबर चिकटवलेला होता. उन्हाळ्याला सहा महिने होते. फोन केला असता तर सगळं बसून, समजावून, कायद्यानं झालं असतं. मनकर्णानं त्या रात्री मोबाइल हातात घेतलाही. पण तिच्या डोळ्यांपुढं यायला लागलं, पोलिसांची जीप कोप्यांपुढं उभी आहे, रतनबाई रडत विचारते आहे, बाई, हेच का तुमचं? पोर वटीत टाकली आणि तुम्ही पोलीस आणले? मनकर्णाला ते सोसवेना. आणि मग तिच्या मनानं अशी वाट काढली की काय सांगावं! ती स्वतःशीच म्हणाली, कुणाला सांगणार नाही म्हणलं होतं, पण आई म्हणजे काय कुणी झाली का? आईला सांगितलं तर ते सांगितलं असं होत नाही. आई तर उलट कोपीच्या तोंडाशी उभी राहील.

सोमवारी संध्याकाळी तिनं रतनबाईला फोन लावला. सगळं सांगितलं. पोरीच्या मनात नाही, पोर रडते, तिला शिकायचंय, तुम्ही आई आहात, तुम्ही अडवा.

मग रतनबाई म्हणाली, "बरं झालं बाई, सांगितलं. तुमचे लई उपकार झाले."

मनकर्णाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. रहेमतबींना म्हणाली, "काम झालं." रहेमतबींनी भाकरी थापता थापता तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "पोरीला इचारलं व्हतं का, आईला सांगू का म्हणून?" मनकर्णा हसली. म्हणाली, "आईला सांगायला काय इचारायचं, रहेमतबी!"

शुक्रवारी दुपारी जालिंदर मोटारसायकलवर आला. पांढरी टोपी, गोड बोलणं. "पोरीला न्यायला आलोय. आई आजारी हाय तिची."

मनकर्णा म्हणाली, "आईबापानं स्वतः यावं लागतं. नियम हाय तसा. उद्या त्यांना घेऊन या."

"उद्या कावून? आत्ता बोला की तिच्या आईशी." त्यानं फोन लावून हातात दिला.

रतनबाईचा आवाज खणखणीत होता, आजारबिजार काही नाही. "द्या बाई पोर त्याच्यासंगं."

"ताई, अवो मी तुमाला काय सांगितलं व्हतं?"

"तेच तर! तुमीच म्हणालात, पोरीच्या मनात न्हाई. मनात न्हाई म्हणल्यावर ती उन्हाळ्यापर्यंत थांबंल का? आमी इतक्या लांब, पोर तितं एकटी. उद्या कुणासंगं निघून गेली तर आमी तोंड कुटं दाखवायचं? म्हणून आत्ताच उरकून टाकतो. तुमी सांगितलं म्हणून सावध झालो, न्हाईतर गाफील राहिलो असतो." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. खरं रडत होती. तिच्या जिवाला जे भय होतं ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला तिला शिव्याही धड देता येत नाहीत.

मनकर्णानं आबासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "आईबाप मागतात तर आपण कोण नाही म्हणणारे? जालिंदर जुना माणूस आहे आपल्या कारखान्याचा. वाद घालू नका. रजिस्टरवर सही घ्या आणि द्या."

तिनं काय करायला हवं होतं ते मी सांगू शकतो, तुम्हीही सांगू शकता. दार लावून आत बसायचं होतं. भिंतीवरचा नंबर फिरवायचा होता. गावभर बोंब मारायची होती. भिमाबाईची लेक होती ना ती! पण समोर मुकादम, फोनवर मालक, कानात आईचं रडणं, आणि घरात कुलपाची किल्ली सांभाळत बसलेला नवरा. मनकर्णानं रजिस्टर उघडलं.

द्वारका दप्तर घेऊन दारात उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं कळलं होतं.

"तुमी सांगितलं," ती म्हणाली.

"आईलाच सांगितलं गं बाई. दुसऱ्या कुणाला न्हाई."

"आईलाच तर सांगायचं नव्हतं," द्वारका म्हणाली.

ती रडली नाही, ओरडली नाही. मोटारसायकलवर चुलत्याच्या मागं बसली, दप्तर मांडीवर घेतलं आणि गेली. वळणावर सुद्धा मागं बघितलं नाही.

मग मनकर्णानं फोन केला. आता केला! पलीकडच्या मुलीनं शांतपणे, एकेक करून विचारलं. कुठला कारखाना? टोळी कुठल्या गावच्या फडात आहे? लग्नाची तारीख? मनकर्णाला कारखान्याच्या नावापलीकडं काही सांगता येईना. टोळी आठवड्याला गाव बदलते. "तुम्हाला हे कधी कळलं, ताई?" पलीकडून विचारलं.

"रविवारी."

"आज शुक्रवार आहे, ताई."

त्या लोकांनी धावपळ केली, खोटं बोलू नये. तीन गावचे फड हुडकत मंगळवारी ते तिथं पोचले. लग्न रविवारीच उसाच्या फडात उरकलं होतं. नवरीचं वय काय, विचारल्यावर जालिंदरनं एक कागद पुढं केला, त्यावर एकोणीस होतं. मग आलेल्या बाईंनी द्वारकाला बाजूला घेऊन विचारलं, घाबरू नको, मी कुणाला सांगणार नाही, खरं वय सांग. द्वारका त्यांच्याकडं बघत म्हणाली, "एकोणीस."

हे सगळं मनकर्णाला फोनवर कळलं. त्या बाई म्हणाल्या, शाळेचा जन्मतारखेचा उतारा पाठवा, त्यावर अजून केस उभी करता येईल. शाळेचे कागद आबासाहेबांच्या शब्दाशिवाय हलत नव्हते, म्हणून मनकर्णा त्यांच्याकडं गेली. आबासाहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "उतारा दिला की चौकशी लागेल. चौकशी लागली की वसतिगृह बंद. एका पोरीपायी बाकीच्या एकोणचाळीस पोरी उद्या फडात जातील. त्यांची लग्नं तुम्ही थांबवणार का? बघा, तुम्ही म्हणाल तसं करू."

तुम्ही म्हणाल तसं! किती सभ्य माणूस. मनकर्णा पाणी पिऊन परत आली आणि गप्प बसली. रजिस्टरमध्ये द्वारकाच्या नावापुढं तिच्याच अक्षरात आहे, 'पालकांच्या इच्छेने घरी.' आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात एकही गळती नाही म्हणून वसतिगृहाचा सत्कार झाला, तेव्हा शाल मनकर्णाच्याच खांद्यावर पडली. टाळ्या वाजल्या. तिनं शाल घेतली. थू तिच्या आणि आपल्या सगळ्यांच्या जिंदगीवर!

रात्री ती चुलीपाशी बसून रडायला लागली, तेव्हा रहेमतबींनी तिला थोपटलं वगैरे नाही. त्या म्हणाल्या, "बीडला तुला काम शिकवलं ना? ते करायचं व्हतं. आई व्हयाला कुणी सांगितलं व्हतं तुला? आया काय कमी हायत का पोरींना?" मनकर्णाला राग आला.

द्वारका गेली त्या दिवसापासून रविवारी ओट्यावर कुणी येईना. पोरी एकमेकींच्या उवा काढायच्या. जेवली का विचारलं तर "जेवले", अभ्यास झाला का तर "झाला". एकीला पाळीत फार त्रास व्हायचा, तिनं ते चार महिने लपवलं. दुसरीच्या अंगावर वळ होते, ती म्हणाली पडले. चाळीसातली एक गेली होती, पण मनकर्णाच्या हातून उरलेल्या सगळ्याच गेल्या होत्या.

तिनं सुधारणा केली, नाही म्हणता येत नाही. आता ती प्रत्येक नव्या पोरीला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगते, "तू सांगशील ते मी कुणालाच सांगणार न्हाई असं म्हणत न्हाई. तुझ्या जिवाला धोका असला तर मला सांगावं लागंल. पर कुणाला सांगायचं ते आधी तुला इचारीन." शब्द न् शब्द बरोबर. ट्रेनिंगच्या बाईंनी ऐकलं तर पाठ थोपटतील. पोरी ऐकून घेतात, मान हलवतात आणि उठून जातात.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी पुन्हा ट्रॅक्टर यायला लागले. एका दुपारी मनकर्णा दारात टेबल टाकून नावं लिहीत होती. समोर सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. हिरव्या बांगड्या, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, वर पुरुषी शर्ट. हाताला कोयत्याचे घट्टे. द्वारका होती. तिनं आठ-नऊ वर्षांच्या एका पोरीचं बखोट धरलं होतं.

"बहीण हाय माझी. कावेरी," ती म्हणाली. "आई पुढच्या ट्रॅक्टरला गेली. नाव लिवा."

मनकर्णानं विचारलं, "द्वारका, कशी हायस गं?"

"नाव लिवा, बाई. ट्रॅक्टर थांबलाय."

मनकर्णानं लिहिलं. पालक म्हणून सही कुणाची, या रकान्यापाशी ती थांबली. द्वारकानं तिच्या हातातून पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात सही केली. पंधरावं लागलं होतं तिला.

"माझी चूक झाली," मनकर्णा कशीबशी म्हणाली. "लई मोठी चूक झाली माझी."

द्वारकानं ते ऐकलं. रागाचं काही तोंडावर नव्हतं, आणि काही असतं तर बरं झालं असतं. ती खाली वाकली, बहिणीचे दोन्ही खांदे धरले आणि मनकर्णाच्या समोर, सगळ्यांना ऐकू येईल असं तिला समजावून सांगायला लागली.

"हितं भाकर पोटभर मिळती. लाजायचं न्हाई, रहेमतबीला मागायची. आंघोळीला पहाटं नंबर लावायचा. अभ्यास कर, गणिताचे सर चांगले हायत. ह्या बाई बी चांगल्या हायत, मारत न्हाईत, तापबीप आला तर रातभर उशाला बसतेत. फक्त मनातलं काई ह्यांना सांगायचं न्हाई. कळलं का?"

कावेरीनं एकदा मनकर्णाकडं बघितलं आणि मान हलवली.